'आता कुठे राहिली अस्पृश्यता?' : मोजपट्टी कोणाच्या हातात, हा खरा प्रश्न

"आता कुठे राहिली हो अस्पृश्यता? आपण सगळे एकाच टपरीवर चहा पितो की!"

हे वाक्य ऐकले नाही असा आंबेडकरी कार्यकर्ता महाराष्ट्रात सापडणार नाही. ऑफिसमध्ये, कॉलेजच्या कट्ट्यावर, १४ एप्रिलच्या वर्गणीवरून सुरू झालेल्या वादात ते हमखास येते. बोलणारा दरवेळी खोटे बोलत असतो असेही नाही. टपरी खरोखर एकच असते. पण मोजायला त्याने एकच पट्टी घेतलेली असते, आणि ती निवडलेलीही त्यानेच असते. भाड्याने घर देताना आडनाव का विचारले जाते? गटारात कोण उतरतो? गावात स्मशानभूमी किती? लग्नाच्या जाहिरातीत काय लिहितात? हे प्रश्न त्या पट्टीवर येतच नाहीत.

माणसांना वेगळे ठेवण्याचे प्रकार कोणी मोजले, त्यांची यादी कोणी केली आणि यादीतून काय गाळले, याला एक इतिहास आहे. तो आपल्या तरुणांनी नीट वाचला पाहिजे. कारण एकदा ही यादी आखडली गेली तेव्हा आपली लाखो माणसे कागदावरून नाहीशी झाली होती.

दहा कसोट्या, नऊ कसोट्या, शेवटी दोन

१९०६ साली आगाखानांच्या नेतृत्वाखाली मुस्लिमांचे शिष्टमंडळ व्हाइसरॉय लॉर्ड मिंटो यांना सिमल्याला भेटले. प्रतिनिधित्व लोकसंख्येवर ठरणार असेल तर हिंदूंच्या आकड्यात अस्पृश्यांना का धरता, असा सवाल त्यातून पुढे आला. मग १९११ च्या जनगणनेसाठी दहा कसोट्या ठरवण्यात आल्या. ब्राह्मणाचे श्रेष्ठत्व मानत नाहीत, ब्राह्मण गुरूकडून मंत्र घेत नाहीत, चांगल्या घरचा ब्राह्मण त्यांचे पौरोहित्य करत नाही, देवळाच्या गाभाऱ्यात त्यांना प्रवेश नाही, त्यांच्या स्पर्शाने विटाळ होतो, ते मृतांना पुरतात, गोमांस खातात, अशा त्या कसोट्या होत्या. सरकारी दप्तरात बहिष्काराचे प्रकार क्रमाने मांडले गेले ते असे. पुढे बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात याच यादीचा पुरावा म्हणून उपयोग केला.

१९३१ च्या जनगणनेत जनगणना आयुक्त हटन यांनी नव्या कसोट्या मांडल्या. ब्राह्मण, न्हावी, पाणके, शिंपी या जातीची कामे करतात का? स्पर्शाने विटाळ होतो का? सवर्ण त्यांच्या हातचे पाणी घेतात का? रस्ते, होड्या, विहिरी, शाळा यांची बंदी आहे का? देऊळ बंद आहे का? आणि या सगळ्यांमध्ये एक प्रश्न असा होता की तो आजही वाचून थांबावे लागते. त्या जातीचा माणूस चांगला शिकलेला असेल, तर तेवढ्याच शिकलेल्या उच्चवर्णीय माणसाकडून त्याला रोजच्या वागण्यात बरोबरीची वागणूक मिळते का?

हा प्रश्न लक्षात ठेवा. कारण पुढच्याच वर्षी तो बाजूला पडला.

१९३२ साली मताधिकार कोणाला द्यायचा हे ठरवण्यासाठी लॉर्ड लोथियन यांची समिती आली. बाबासाहेब तिचे सदस्य होते. आता कसोट्या दोनच उरल्या : देऊळबंदी आणि स्पर्शाचा किंवा जवळ येण्याचा विटाळ. मताधिकार आणि जागा यांचा प्रश्न आला तसा आकड्यांचा खेळ सुरू झाला. आमच्या प्रांतात अस्पृश्य नाहीतच, असतील तर मूठभर, असे सांगायला लोक पुढे आले. बाबासाहेबांनी पुढे हे आकडे शेजारी शेजारी मांडून दाखवले. संयुक्त प्रांतात जनगणनेच्या हिशेबाने १ कोटी २६ लाख अस्पृश्य होते; तिथल्या प्रांतिक समितीला सापडले ६ लाख. बंगालमध्ये जनगणनेचा आकडा १ कोटी ३ लाख होता. प्रांतिक समितीचा होता ७० हजार.

एवढी माणसे गेली कुठे? कुठेही गेली नव्हती. त्याच वस्त्यांमध्ये, त्याच विहिरींपासून दूर उभी होती. बदलली होती ती पट्टी.

बाबासाहेबांनी १ मे १९३२ रोजी आपले वेगळे टिपण जोडले. अस्पृश्यता दोन अर्थांनी असते, एक प्रत्यक्ष आणि दुसरी मनातली, असे त्यांनी तिथे सांगितले. आगगाडीच्या डब्यात, शहराच्या गर्दीत शिवाशिव पाळणे अशक्य होते म्हणून प्रत्यक्ष विटाळ कमी दिसतो. पण मनातला विटाळ त्यामुळे संपत नाही, आणि कसोटी लावायची ती या दुसऱ्या अर्थानेच लावली पाहिजे. टपरीवरच्या चहाचे उत्तर बाबासाहेबांनी १९३२ सालीच देऊन ठेवले आहे.

एक माणूस, अनेक ज्ञानशाखा

आज विद्यापीठात प्रत्येक विभाग आपापल्या तुकड्याचा अभ्यास करतो. समाजशास्त्रवाला वस्ती बघतो, अर्थशास्त्रवाला मजुरी, कायदेवाला कलम, मानववंशशास्त्रवाला लग्न. बाबासाहेबांनी हे सगळे तुकडे हाताळले आणि त्यांना एकत्र जोडले. त्यांच्या लेखनातून आणि लढ्यातून वेगळे ठेवण्याचे निदान सहा प्रकार स्पष्ट दिसतात.

१. नात्याचे विलगीकरण. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात, प्रा. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चावर्गात, पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचला. जात म्हणजे दारे बंद करून बसलेला वर्ग, आणि ते दार बंद ठेवणारी कडी म्हणजे जातीतच लग्न, हे त्यांचे प्रतिपादन होते. कडी टिकवण्यासाठी सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह कसे वापरले गेले हेही त्यांनी दाखवले. म्हणजे जातीचे कुंपण सर्वांत आधी बाईच्या देहाभोवती घातले गेले.

२. जागेचे विलगीकरण. गावकूस, महारवाडा, मांगवाडा हे शब्दच आपल्या भाषेतला नकाशा आहेत. १९४८ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी विचारले : अस्पृश्य गावाबाहेर का राहतात? आधी गावात होते आणि मग हाकलले गेले, की पहिल्यापासूनच बाहेर होते? त्यांचे उत्तर होते की टोळीयुद्धात वाताहत झालेली माणसे पहिल्यापासून वेशीबाहेर वसली. विटाळ त्यांच्यावर नंतर लादला गेला, इसवी सन ४०० च्या सुमारास, बौद्ध धम्माशी असलेल्या वैरातून आणि गोमांसाच्या प्रश्नावरून. हा सिद्धांत कोणाला पटो न पटो, त्यातली पद्धत महत्त्वाची आहे. वेगळे राहणे आणि अस्पृश्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांचा उगम वेगळा असू शकतो, हे त्यांनी वेगळे करून दाखवले.

३. वापराचे विलगीकरण. पाणी, रस्ता, देऊळ, धर्मशाळा. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात बोले यांचा ठराव झाला, १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला, पण २० मार्च १९२७ पर्यंत त्या ठरावाचा एक थेंबही आपल्या ओंजळीत आला नाही. ओंजळ भरल्यावर डोकी फुटली. मग दावा चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की अस्पृश्यांना तळे बंद ठेवण्याची अनादी काळापासूनची रूढी सिद्ध झालेली नाही. ओंजळीपासून निकालापर्यंत दहा वर्षे लागली.

४. शिक्षणाचे विलगीकरण. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला आणि मुंबई सरकारने त्या मुलाच्या बाजूने हस्तक्षेप केला नाही. बाबासाहेबांनी हे प्रकरण १९२८ साली सायमन कमिशनपुढच्या निवेदनात उकरून काढले. पुढे शाळेचे दार उघडले तेव्हा वर्गात वेगळे बसणे आले. साताऱ्याला स्वतः भीमराव घरून नेलेल्या गोणपाटावर बसत आणि शिपाई नसेल त्या दिवशी तहानलेले राहत. त्याच्याही पुढची पायरी म्हणजे विषयाची बंदी. मुंबईत शाळेत त्यांना संस्कृत शिकायचे होते, ते मिळाले नाही म्हणून पर्शियन घ्यावे लागले. शाळा एक, वर्ग एक, तरी ज्ञान वेगळे.

५. कामाचे विलगीकरण. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगार होते, पण विणकाम खात्यात त्यांना प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि त्याच धोट्याला सवर्णाचे तोंड लागणार होते. विणकाम खात्यात पगार जास्त होता. म्हणजे विटाळाची किंमत दर महिन्याला पगारातून कापली जात होती. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला तेव्हा वर्गाची भाषा बोलणाऱ्यांची अडचण झाली. १९३६ साली त्यांनी लिहिले की जात ही केवळ श्रमाची वाटणी नाही, ती श्रमिकांची वाटणी आहे. १९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे कामगारांचे दोन शत्रू त्यांनी सांगितले, त्याच्या मागे गिरणीतला हा अनुभव आहे.

६. बहिष्कार, म्हणजे शिक्षेचे विलगीकरण. स्टार्ट समितीने मुंबई इलाख्याची पाहणी करून १९३० साली अहवाल दिला. बाबासाहेब तिचे सदस्य होते. हक्क बजावायला गेलेल्या अस्पृश्यांची जमीन काढून घेणे, काम बंद करणे, बलुते थांबवणे, वाट अडवणे, वाण्याने मीठमिरचीही न विकणे हे सगळे त्यात नोंदले आहे. कारणे काय? चांगले कपडे घातले, दागिना घातला, जमीन विकत घेतली, नवरदेव घोड्यावरून रस्त्याने नेला. आजच्या बातम्या आठवा आणि सांगा, यातले कोणते कारण कालबाह्य झाले?

हे सहा प्रकार सुटे नाहीत. गावाबाहेर राहता म्हणून विहीर तुमची नाही. जमीन नाही म्हणून बलुत्यावर जगता. बलुत्यावर जगता म्हणून बहिष्कार घातला की उपाशी मरता. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडचे तळे गाठले आणि १९२८ साली महार वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले, तो योगायोग नव्हता. तळ्याचा हक्क भाकरीच्या स्वातंत्र्याशिवाय टिकत नाही हे त्यांना ठाऊक होते.

शास्त्रांची पट्टी आणि तिच्या फटी

अमेरिकेत हेच काम दुसऱ्या एका बहिष्कृत समाजाच्या विद्वानाने सुरू केले. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी फिलाडेल्फिया शहराच्या सातव्या वॉर्डात घरोघर फिरून पाहणी केली आणि १८९९ साली ती प्रसिद्ध केली. कोणत्या घरात कोणत्या थरातले कृष्णवर्णीय कुटुंब राहते हे त्यांनी नकाशावर रंगवून दाखवले. राहणे, काम, शिक्षण, कुटुंब, मतदान, सगळे एकाच पुस्तकात. पण समाजशास्त्राच्या इतिहासात शहराच्या अभ्यासाचे श्रेय दीर्घकाळ शिकागोच्या गोऱ्या प्राध्यापकांना मिळत राहिले. विलगीकरणाचा अभ्यास करणारा स्वतः ज्ञानाच्या गावकुसाबाहेर ठेवला गेला. आपल्याकडे किती वर्षे बाबासाहेबांना 'राज्यघटनेचे शिल्पकार' म्हणून राज्यशास्त्राच्या एका धड्यात बसवून समाजशास्त्र आणि अर्थशास्त्राच्या अभ्यासक्रमाबाहेर ठेवले, हे विद्यार्थ्यांनी आपापल्या विभागात जाऊन तपासावे. १९४६ साली बाबासाहेबांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे पाठवलेल्या कृष्णवर्णीयांच्या अर्जाची प्रत मागितली होती. दोघांचे काम एकाच जातीचे होते असे म्हटले तर चालेल.

पुढे या अभ्यासाचे सूत्र झाले. १९५५ साली डंकन दांपत्याने एक निर्देशांक रूढ केला : दोन गट शहरात सारखे पसरायचे असतील तर किती टक्के लोकांना घर बदलावे लागेल? १९८८ साली मॅसी आणि डेंटन यांनी सांगितले की वस्तीचे विलगीकरण एकपदरी नसते. गट किती असमान पसरला आहे, दुसऱ्यांशी त्याची गाठ पडण्याची शक्यता किती, किती दाटीवाटीने राहतो, शहराच्या मध्यापासून किती दूर किंवा जवळ आहे, आणि त्याच्या वस्त्या एकमेकींना किती चिकटून आहेत, असे त्याचे पाच पदर त्यांनी वेगळे केले. एक पदर बघून निकाल देऊ नका, हा त्याचा अर्थ.

भारतात ही पट्टी लावली तेव्हा दोन गोष्टी समोर आल्या. २००१ च्या जनगणनेवरून सात महानगरांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला; त्यात दिसले की आपल्या शहरांत माणसे आर्थिक स्थितीपेक्षा जातीने जास्त वेगळी राहतात. 'जात नाही, आता फक्त गरीब-श्रीमंत' म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे. दुसरी गोष्ट अधिक बोचरी. बंगळुरूच्या अभ्यासकांनी २०११ च्या जनगणनेची, वॉर्डापेक्षा खूप लहान अशा गणना-गटांची आकडेवारी घेतली, तेव्हा वॉर्डाच्या सरासरीत लपलेले विलगीकरण बाहेर आले. वॉर्ड मिश्र दिसतो, पण गल्ली एकजातीय असते. म्हणजे पुन्हा तेच : पट्टी मोठी घेतली की जात दिसेनाशी होते.

आणि इतकी बारीक पट्टीही सगळे पकडत नाही. सवर्णाच्या घरी रोज भांडी घासायला जाणारी आपली बाई त्या वस्तीत दिवसाचे आठ तास असते. नकाशा तिला 'संपर्क' म्हणेल. पण तिचा कप वेगळ्या फडताळात असेल तर तो कसला संपर्क? अर्थशास्त्राने इथे वेगळी युक्ती वापरली. थोरात आणि अटेवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवले. दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय आडनावाच्या सुमारे दोन तृतीयांशच निघाली. हटनच्या त्या गाळलेल्या प्रश्नाचे उत्तर पाऊणशे वर्षांनी मिळाले. तेवढाच शिकलेला, तरी बरोबरीचा नाही.

ठेवलेले वेगळे आणि राहिलेले वेगळे

इथे एक आक्षेप नेहमी येतो. "तुम्हीच वेगळे राहता. तुमचे वेगळे विहार, वेगळी वसतिगृहे, वेगळ्या जयंत्या. मग दोष आम्हाला का?"

जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या अखिल भारतीय परिषदेत, जिथे शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची घोषणा झाली, अस्पृश्यांसाठी स्वतंत्र गावे वसवावीत असा ठराव झाला. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्येही बाबासाहेबांनी स्वतंत्र वसाहतींची मागणी मांडली. गावकुसाबाहेरच्या जिण्याविरुद्ध लढणारा माणूस वेगळे गाव कसे मागतो?

यात विसंगती नाही. महारवाडा वेगळा होता, पण स्वतंत्र नव्हता. तो गावाच्या बाहेर होता आणि गावाच्या ताब्यात होता. येसकराच्या पाळीला, मढ्याच्या निरोपाला, वेठीला तो गावाचा; पाण्याला आणि पंगतीला परका. वेगळ्या गावाची मागणी ही या ताब्यातून सुटण्याची मागणी होती : स्वतःची जमीन, स्वतःची विहीर, बहिष्कार घालायला कोणी मालक नाही. म्हणून वर्गीकरण करताना पहिला प्रश्न अंतराचा नसतो. भिंत कोणी बांधली आणि दाराची कडी कोणाच्या हातात आहे, हा पहिला प्रश्न. ज्याला बाहेर पडता येते त्याचे वेगळेपण आणि ज्याला आत येऊ दिले जात नाही त्याचे वेगळेपण एकाच शब्दाने सांगणे ही लबाडी आहे.

कागद बदलला, कडी?

कायद्याची वाट आपण कमी लेखत नाही. घटनेचे कलम १७, कलम १५(२), १९५५ चा कायदा, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा ही आपली हत्यारे आहेत. पण कायदाही प्रकाराप्रकारात फरक करतो. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात, सभासदत्व एका समाजापुरते ठेवण्याचा नियम वैध ठरवला. विहिरीवर अडवणे गुन्हा, पण सोसायटीच्या पोटनियमात अडवणे हा संघटनेचा हक्क! डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. चांगले झाले. पण पाटीवर समतानगर लिहिले म्हणून नळाला पाणी रोज येईल का, हा प्रश्न पाटी लावणाऱ्याला विचारावा लागतो. आणि ३ ऑक्टोबर २०२४ पर्यंत, म्हणजे घटना लागू होऊन चौऱ्याहत्तर वर्षांनंतरही, काही राज्यांच्या तुरुंग नियमावलीत स्वयंपाक कोणी करायचा आणि संडास कोणी साफ करायचा हे जातीने लिहिलेले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. शाईने लिहिलेले इतकी वर्षे टिकले, तर मनात लिहिलेल्याचा हिशेब कोण ठेवणार?

तो आपणच ठेवायचा आहे. बाबासाहेबांनी १९३२ साली दाखवून दिले की यादी दुसऱ्याच्या हातात दिली की आपण यादीतून गायब होतो. म्हणून प्रत्येक शाखेने, प्रत्येक विद्यार्थी गटाने आपल्या गावाचा, आपल्या वॉर्डाचा, आपल्या कॉलेजचा नकाशा स्वतः काढावा. कागदावर घरे, नळ, देऊळ, स्मशान, शाळा, सफाईची कामे, भाड्याची घरे, सोसायट्या मांडा. प्रत्येकापुढे लिहा : इथे कोण येऊ शकतो, कोण नाही, आणि नाही म्हणणारा कोण. गल्लीच्या पातळीवर मोजा, वॉर्डाच्या नव्हे. बायकांना वेगळे विचारा, कारण पाणी, धुणीभांडी आणि लग्न या तिन्ही ठिकाणची कडी त्यांना आधी लागते. आणि आपल्या आत मांगवाडा, भंगीवाडा आपण कुठे ठेवला आहे तेही त्याच कागदावर मांडा. नाहीतर आपली पट्टीही त्यांच्यासारखीच सोयीची ठरेल.

मग पुढच्या वेळी कोणी टपरीचा दाखला दिला तर चिडू नका. चहा जरूर प्या, कागद त्याच्यापुढे ठेवा आणि म्हणा : "ही टपरी मान्य. आता बाकीच्या ठिकाणांचे बोलू."

जय भीम!